पालेभाजींतील नायट्रेट : मोजावें कसें व मानावें किती ?

गेल्या आषाढांत आमच्या नांदेडच्या घरीं एक लहानसें महाभारत घडलें. आमच्या धाकट्या चिरंजीवांनीं खिशांत मावेल एवढें एक यंत्र विकत आणलें. यंत्राला पुढें एक सुई. पडद्यावर भाजीचें नांव निवडावयाचें, सुई भाजींत खुपसावयाची, कीं दोन क्षणांत त्या भाजींत नायट्रेट किती याचा आंकडा उमटतो; शिवाय हिरवा, पिवळा अथवा तांबडा रंग दाखवून ती खावी कीं टाकावी याचा निवाडाही यंत्रच देतें. पहिल्या दिवशीं पालकाच्या जुडीनें तांबडा रंग दाखविला, दुसऱ्या दिवशीं माठानें, तिसऱ्या दिवशीं मुळ्यानें. आठवडाभरांत स्वयंपाकघरांतून पालेभाजी हद्दपार झाली. "आपल्या सात पिढ्या ह्याच भाज्यांवर पोसल्या ना?" असा युक्तिवाद आमच्या सौभाग्यवतींनीं करून पाहिला, पण आंकड्यापुढें पिढ्यांचें कांहीं चालेना.

तशांत लातुरास दिलेल्या आमच्या कन्येचा फोन आला. तिच्या घरींही तसलेंच यंत्र आलें होतें, आणि तेथील पालक मात्र हिरवा ठरला होता! मग नांदेडचा पालक विषारी व लातूरचा निर्विष असें समजावयाचें काय? हा निवाडा करण्यासाठीं आम्हीं आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यास पाचारण केलें. तो आज एका महाविद्यालयांत रसायनशास्त्र शिकवितो. आमचें स्वतःचें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें, आणि पुढें जें शिकलों तें संस्कृत. परंतु शिष्यापाशीं शिकण्यांत गुरूला कमीपणा नाहीं, असें आम्ही मानतों. त्यानें जें दाखविलें व समजाविलें, तें प्रत्येक घरांत ठाऊक असावें असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहों.

नायट्रेट म्हणजे काय ?

गोठ्यालगतच्या जुन्या भिंतीवर जो पांढरा क्षार फुटतो, त्यांत नायट्रेटचा अंश असतो. शोभेच्या दारूंतला सोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. तेव्हां हा पदार्थ आपल्यास परका नव्हे. शेतांत शेणखत घाला कीं युरिया घाला, जमिनींतील सूक्ष्म जंतू त्यांतील नत्राचें शेवटीं नायट्रेटच करितात. युरियांत नत्राचें प्रमाण शेंकडा ४६. तेव्हां तो हात सैल सोडून टाकला म्हणजे जमिनींत नायट्रेटचा सुकाळ होतो. रोप तें मुळांनीं शोषून घेतें, आणि सूर्यप्रकाशाच्या साहाय्यानें पानांत त्याचीं प्रथिनें बनवितें. शोषण अधिक व प्रकाश थोडा असें झालें, म्हणजे उरलेलें नायट्रेट देठांत व पानांत सांठून राहतें.

यावरून एक गोष्ट लक्षांत येईल. ढगाळ आषाढांतील पालक व चैत्राच्या उन्हांतील पालक सारखे नव्हेत. पहांटे खुडलेली जुडी व सायंकाळीं खुडलेली जुडी सारखी नव्हे. दिवसभराच्या उन्हानें सायंकाळच्या पानांतील नायट्रेट कांहींसें खर्ची पडलेलें असतें. एकाच पानाचा देठ व पातें हींही सारखीं नव्हेत. देठांत सांठा अधिक. पालक, माठ, मुळा, बीट यांची प्रवृत्ति नायट्रेट सांठविण्याची आहे. वाटाणा, टोमॅटो, कांदा यांत तें थोडें असतें.

अपाय आणि उपकार

नायट्रेट स्वतः फारसें अपायकारक नाहीं. परंतु तोंडांतील जंतू, तसेंच शिळ्या अन्नांत वाढणारे जंतू, त्याचें नायट्राइट करितात. हें नायट्राइट रक्तांतील तांबड्या द्रव्यास असें विकृत करितें कीं त्यास प्राणवायु वाहून नेतां येत नाहीं. थोरांच्या शरीरांत ही विकृति दुरुस्त करणारी यंत्रणा बळकट असते. तान्ह्या बाळांत ती अपुरी असते. १९४५ सालीं अमेरिकेंतील आयोवा प्रांतांत हंटर कॉमली या डॉक्टरांनीं तान्हीं बालकें निळीं पडण्याचा संबंध विहिरीच्या पाण्यांतील नायट्रेटशीं जोडून दाखविला. 'निळें बाळ' हें या विकाराचें नांव तेव्हांपासून रूढ झालें. वाचकांनीं ध्यानांत ठेवावें कीं येथें अपराधी विहिरीचें पाणी होतें, भाजी नव्हे.

उलट बाजूही आहे. याच नायट्रेटपासून शरीरांत नायट्रिक ऑक्साइड तयार होऊं शकतें, व तें रक्तवाहिन्या सैल करून रक्ताचा दाब उतरवितें. रुधिराभिसरणांतील या द्रव्याचें कार्य उलगडल्याबद्दल १९९८ सालीं फर्चगॉट, इग्नारो व मुराद या तिघां शास्त्रज्ञांस नोबेल पारितोषिक मिळालें. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनें २००८ सालीं सर्व बाजू तपासून असा निष्कर्ष काढला कीं, भाज्यांपासून होणारें हित हें त्यांतील नायट्रेटच्या संभाव्य अपायाहून मोठें आहे.

तरी मर्यादा हवीच. शरीराच्या दर किलो वजनामागें दररोज ३.७ मिलिग्रॅम नायट्रेट आयुष्यभर पोटांत गेलें तरी चालेल, असें आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ-समितीनें ठरविलें आहे. म्हणजे साठ किलो वजनाच्या मनुष्यास रोज २२२ मिलिग्रॅम, व दहा किलोच्या मुलास अवघे ३७. उदाहरणादाखल पालकांत किलोमागें १,००० मिलिग्रॅम नायट्रेट धरलें, तर दोनशें ग्रॅम भाजींत २०० मिलिग्रॅम झालें. थोरांस तें चालेल. त्याच पातेल्यांतले पन्नास ग्रॅम दहा किलोच्या मुलास मर्यादेबाहेर नेतील. युरोपीय संघानें २०११ पासून ताज्या पालकास किलोमागें ३,५०० मिलिग्रॅमची, आणि तान्ह्या मुलांच्या तयार अन्नास २०० ची मर्यादा घातली आहे. आमच्या घरांतील तांबड्या रंगाला या आंकड्यांशीं ताडून पाहणें अवश्य होतें; आणि त्यासाठीं आधीं आंकडा खरा असावयास हवा होता.

मोजण्याच्या रीति

आमच्या विद्यार्थ्यानें सांगितलेल्या रीति आम्ही जुन्याकडून नव्याकडे या क्रमानें देतों.

पहिली रीति ऊर्ध्वपातनाची. तांबें, ॲल्युमिनियम व जस्त यांचा एक मिश्रधातु देवार्दा नांवाच्या रसायनज्ञानें १८९२ सालीं प्रचारांत आणला. क्षारयुक्त द्रावणांत तो टाकला म्हणजे नायट्रेटचा अमोनिया होतो. तो वाफेबरोबर वर काढून आम्लांत धरावयाचा व मोजावयाचा. रीति भरंवशाची, उपकरणें साधीं. परंतु भाजींतील इतर नत्रयुक्त पदार्थही तापलेल्या क्षारांत थोडाबहुत अमोनिया सोडतात, म्हणून तो आधीं वेगळा काढण्याची दक्षता घ्यावी लागते. नाहीं तर आंकडा फुगतो.

दुसरी रीति सॅलिसिलिक आम्लाची. कॅटाल्डो व त्यांचे सहकारी यांनीं १९७५ सालीं ती वनस्पतींसाठीं प्रसिद्ध केली. भाजीचा अर्क गरम पाण्यांत उतरवून घ्यावा. त्याच्या अगदीं थोड्या थेंबांवर तीव्र गंधकाम्लांत विरघळविलेलें सॅलिसिलिक आम्ल घालावें. वीस मिनिटांनीं वर कॉस्टिक सोड्याचें द्रावण ओतावें, कीं पिवळा रंग उमटतो. नायट्रेट जितकें अधिक तितका पिवळा गडद. रंगाची गडदता रंगमापी यंत्रावर ४१० नॅनोमीटरच्या प्रकाशांत मोजतात. द्रव्यें स्वस्त, आणि काम एका सकाळीं उरकतें. मात्र तीव्र आम्लाशीं गांठ असल्यामुळें ही रीति प्रयोगशाळेचीच. स्वयंपाकघरांत तिचा प्रयोग कोणीं करूं नये.

तिसरी ग्रीसची. पीटर ग्रीस या रसायनज्ञानें १८७९ सालीं नायट्राइट ओळखण्याची एक सुरेख कसोटी दिली. त्यांत तांबूस गुलाबी रंग येतो. पण ती नायट्राइटला ओळखते, नायट्रेटला नव्हे! म्हणून भाजीचा अर्क आधीं तांब्याचा मुलामा दिलेल्या कॅडमियमच्या कणांमधून झिरपूं देतात. तेथें नायट्रेटचें नायट्राइट होतें, आणि मग रंग आणतात. अर्कांत मुळांतच नायट्राइट असेल तर तें निराळें मोजून वजा करावें लागतें. सूक्ष्मांत सूक्ष्म प्रमाण हिला कळतें. दोष एवढाच कीं कॅडमियम विषारी आहे. तें मोरींत ओतलें, तर भाजींतील संशयित विष मोजण्यासाठीं आपण नदींत खात्रीचें विष सोडलें, असें होईल. यासाठीं अलीकडे कॅडमियमच्या जागीं व्हॅनेडियमचा क्लोराइड अथवा वनस्पतींतलेंच एक विकर वापरतात.

चौथी रीति विद्युदग्राची. यांतील कांडीच्या टोकास एक असा पडदा असतो कीं तो मुख्यतः नायट्रेटच्याच आयनांस दाद देतो. उत्पन्न होणाऱ्या विद्युद्दाबावरून प्रमाण काढतात. प्रमाण दहापट झालें कीं दाब सुमारे ५९ मिलिव्होल्टनें बदलतो. काम झटपट होतें, शेतावर नेतां येतें. परंतु अर्कांत मीठ फार असल्यास क्लोराइड फसवणूक करितो, म्हणून तो रौप्यक्षारानें आधीं दूर करावा लागतो, आणि ओळखीच्या द्रावणांनीं कांडीची पुनःपुन्हां परीक्षा घ्यावी लागते.

पांचवी आणि आज सर्वांत प्रमाण मानिलेली रीति वर्णलेखनाची. अर्क एका बारीक नळींतून मोठ्या दाबानें नेतात. क्लोराइड, नायट्रेट, फॉस्फेट, सल्फेट हे एकामागून एक वेगवेगळ्या वेळीं बाहेर पडतात, आणि प्रत्येकाची स्वतंत्र नोंद होते. पंक्तीला बसलेल्या मंडळींस एकेकाचें नांव घेऊन वाढावें, तसा हा प्रकार. घोटाळ्यास जागा फार थोडी. पण यंत्राची किंमत लाखांच्या घरांत, पाणी अतिशुद्ध, वीज अखंड आणि हात शिकलेला पाहिजे.

शेवटीं कागदी पट्टी. तिच्या टोकाच्या चौकोनांत ग्रीसच्या कसोटीसारखींच द्रव्यें वाळवून बसविलेलीं असतात. पाण्यांत अथवा पाणी घालून पातळ केलेल्या अर्कांत बुडवावी, मिनिटभरानें रंग डब्यावरील रंगांशीं ताडावा. ती नेमका आंकडा सांगत नाहीं. या पायरीहून अधिक व त्या पायरीहून कमी, एवढेंच सांगते. भाजीचें हरितद्रव्य रंग झांकीत असल्यामुळें भाजीसाठीं ती कच्ची. पाण्यासाठीं मात्र घरगुती उपयोगाची आहे.

यंत्राचें अनुमान

आतां आमच्या घरांतील यंत्र यांपैकीं कोणत्या रीतीचें? विद्यार्थी म्हणाला, "गुरुजी, आपणच पाहा." त्यानें एका पेल्यांत ऊर्ध्वपातित पाणी घेतलें, त्यांत साधें मीठ चिमूटभर घातलें, व सुई बुडविली. यंत्रानें तत्काळ तांबडा रंग दाखविला. मिठांत नायट्रेट कोठून येणार? त्याच पाण्यांत कागदी पट्टी बुडविली. ती पांढरीच राहिली. मग दुसऱ्या पेल्यांत सोऱ्याचा खडा विरघळविला. आतां पट्टी गुलाबी झाली. आमचे चिरंजीव स्तब्ध झाले.

उलगडा सोपा होता. तें यंत्र नायट्रेट मोजीतच नव्हतें. तें भाजीच्या रसाची विद्युद्वाहकता मोजीत होतें, आणि त्यावरून नायट्रेटचा तर्क बांधीत होतें. नायट्रेट असलें म्हणजे रस वीज वाहून नेतो, हें खरें. पण पोटॅशियम, क्लोराइड, सल्फेट हेही वीज वाहून नेतातच, आणि पालकांत पोटॅशियम विपुल असतें. मचूळ पाण्यावर वाढलेली भाजी तर अधिकच क्षार बाळगते. म्हणूनच त्या यंत्राला आधीं भाजीचें नांव सांगावें लागतें; त्या भाजींत इतर क्षार सामान्यतः किती, हें तें गृहीत धरून चालतें.

बालपणीं अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह घोकतांना आम्ही चार प्रमाणें पाठ केलीं होतीं : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान व शब्द. जेथें धूर तेथें अग्नि हें अनुमान निर्दोष. परंतु जेथें अग्नि तेथें धूर असें उलट म्हटलें, तर तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा तें खोटें पाडतो. तेथें अग्नि आहे, धूर नाहीं. अशा हेतूस शास्त्रकार सव्यभिचार म्हणतात. जेथें नायट्रेट तेथें विद्युद्वाहकता, म्हणून जेथें विद्युद्वाहकता तेथें नायट्रेट, हें अनुमान नेमकें त्याच जातीचें. पन्नास वर्षांपूर्वीं पाठ केलेला तो लोखंडाचा गोळा म्हातारपणीं पालकाच्या जुडींत सांपडेल, असें आम्हांस स्वप्नांतही वाटलें नव्हतें.

मोजण्यापूर्वींचे प्रश्न

नागपंचमीस कन्या माहेरीं आली, ती लातूरच्या पालकाची जुडी बर्फाच्या डब्यांत घेऊन. नांदेडची जुडी त्याच सकाळीं खुडलेली घेतली. विद्यार्थ्यानें दोहोंचे देठ व पातीं वेगळीं करून सॅलिसिलिक आम्लाच्या व कॅडमियमच्या अशा दोन्ही रीतींनीं तपासलीं. दोन्ही रीतींचे आंकडे एकमेकांस बरेच जुळले. यंत्राचा आंकडा मात्र कोणाशींच जुळेना. आणि गंमत अशी कीं, नांदेड व लातूर यांत जितका फरक निघाला, त्याहून मोठा फरक एकाच जुडीच्या देठांत व पात्यांत निघाला. कन्येनें घरीं सुई पात्यांत टोंचली होती, चिरंजीवांनीं देठांत! दोन गांवांमधील भांडण हें वस्तुतः देठ व पात्याचें भांडण होतें.

म्हणून कोणताही आंकडा ऐकला कीं तीन प्रश्न विचारावे. पहिला : कोणत्या भागाचा, केव्हां खुडलेला, कितीजणांच्या जुड्यांतून निवडलेला नमुना? दुसरा : ओल्या वजनावर कीं वाळलेल्या? पालेभाजींत सुमारें नऊ दशांश पाणीच असतें. वाळवून मोजली तर तोच आंकडा दहापट दिसतो. तिसरा : नायट्रेट म्हणून मोजलें, कीं त्यांतील केवळ नत्र? दोहोंत ४.४३ पटींचा फरक आहे. एका प्रयोगशाळेनें ९ लिहिलें आणि दुसरीनें ४० लिहिलें, तरी दोघी एकाच पाण्याविषयीं खरें बोलत असूं शकतील.

जें मोजावयाचें राहिलें

येथवर सर्व हंसण्यावारी झालें. पण जातां जातां विद्यार्थ्याची दृष्टि कोपऱ्यांतील दुधाच्या बाटलीकडे गेली. आमची नात तेव्हां पांच महिन्यांची. सूनबाईंना दूध पुरेसें नसल्यामुळें भुकटीचें दूध चालू होतें. त्यानें विचारलें, "यांत पाणी कोणतें घालतां?" सूनबाई अभिमानानें म्हणाल्या, "बोअरचें; पण वीस मिनिटें उकळून." त्यानें कांहीं न बोलतां त्या पाण्यांत पट्टी बुडविली. ती गडद गुलाबी झाली. दुसऱ्या दिवशीं प्रयोगशाळेंत रीतसर तपासलें. पाणी मर्यादेच्या बाहेर निघालें.

भारतीय मानक ब्यूरोची पिण्याच्या पाण्यासाठीं मर्यादा लिटरमागें ४५ मिलिग्रॅम नायट्रेट ही आहे. उकळण्यानें जंतू मरतात, नायट्रेट मरत नाहीं. उलट वाफ निघून गेल्यानें उरलेल्या पाण्यांत तें अधिक दाट होतें. म्हणजे आम्ही ज्या भाजीला नात अजून तोंडही लावीत नव्हती ती घराबाहेर काढली, आणि जें पाणी तिच्या पोटांत दिवसांतून सहा वेळां जात होतें त्याकडे कोणीं पाहिलेंही नाहीं! ईश्वरकृपेनें तिला कांहीं झालें नाहीं. त्या दिवसापासून तिच्या दुधासाठीं तपासून घेतलेलें नळाचें पाणी उकळून वापरूं लागलों. परंतु त्या रात्रीं आमच्या सौभाग्यवतींना झोंप आली नाहीं, व आम्हांसही नाहीं.

हें आमच्या एकट्याच्या घरचें दुखणें नव्हे. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या वार्षिक अहवालांत भूजलांतील नायट्रेटसाठीं चिंताजनक म्हणून महाराष्ट्रांतील जे जिल्हे नांवानिशीं दिले आहेत, ते वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगांव व यवतमाळ हे होत. शेतांतील खत, गोठ्याचें मूत्र, शौचकूपाचें झिरपणें हें सारें शेवटीं त्याच भूजलांत उतरतें. ज्या लातुरास २०१६ सालीं मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, त्या लातुरांत तर बोअरचें पाणी नाकारणें सोपें नाहीं. म्हणून तें टाकून द्या असें आम्ही म्हणत नाहीं. तपासून घ्या म्हणतों. पावसाळ्यापूर्वीं एकदां व नंतर एकदां तपासावें, आणि घरांत तान्हें मूल असेल तर विनाविलंब तपासावें.

स्वयंपाकघरांतला निर्णय

भाजीविषयीं आमच्या घरीं पुढील नियम ठरले. पालेभाजी पूर्ववत् रोजच्या जेवणांत आली. एकच एक पालक न आणतां मेथी, चुका, शेपू, अंबाडी, करडईची कोंवळी भाजी अशी आलटून पालटून आणावी. पालक व माठ यांचे जाड देठ लहान मुलांसाठीं काढून टाकावे. मुलांसाठीं भाजी उकडून तें पाणी टाकलें तर बरेंच नायट्रेट त्याबरोबर जातें; थोरांनीं मात्र तें टाकूं नये, कारण इतर सत्त्वेंही त्यांतच असतात. जेवतांना लिंबू पिळावें. त्यांतील क जीवनसत्त्व नायट्राइटपासून पोटांत होणाऱ्या अनिष्ट संयुगांस अटकाव करितें. सहा महिन्यांच्या आंत मुलास पालकाचें अथवा बिटाचें पाणी पाजूं नये, आणि मुलास हगवण लागली असतां पालक देऊं नये. शिजलेली पालेभाजी उन्हाळ्यांत रात्रभर बाहेर ठेवून सकाळीं कोणासही वाढूं नये. जंतूंना नायट्राइट करण्यास तेवढा अवधि पुरतो. शिळी पालेभाजी खाऊं नये, हें आमच्या मातोश्री सांगत. कारण त्यांना ठाऊक नव्हतें. नियम ठाऊक होता.

तें यंत्र अद्याप फडताळांत आहे. चिरंजीवांनीं तें फेकावयास काढलें होतें. आम्हींच ठेवून घेतलें. शेजारची मुलें संध्याकाळीं शिकण्यास येतात, त्यांस मिठाच्या पाण्याचा प्रयोग दाखवितों, आणि मग विचारतों, "आतां सांगा, यानें मोजलें काय?" बहुतेक मुलें पहिल्या खेपेस "नायट्रेट" असेंच म्हणतात. नात आतां रांगूं लागली आहे, आणि वरणभातांत कालविलेली पालकाचीं पानें चवीनें खाते.